नोंदीतला आदिवासी

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली निघाले. वारली, काथोडी, ठाकूर यांचे देव, लग्न, मर्तिक यांची वर्णने त्यात आहेत. पुढे १९२० ते १९२२ मध्ये एन्थोवेन यांचे तीन खंड आले. हे सारे लिहिले कोणी? सारा वसूल करणाऱ्या आणि जंगल राखीव ठरवणाऱ्या राजवटीने. खैरापासून कात काढणारा तो कातकरी, अशी ओळख कागदावर चढली. त्याच काळात जंगल सरकारजमा होऊन खैरावरचा त्याचा हक्क जात होता. धंदा गेला, नाव तेवढे उरले.

या नोंदी ग्रंथालयात पडून राहिल्या असत्या तर तक्रार नव्हती. पण जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा असलीच वर्णने मापदंड होतात. कुलदैवत कोणते? प्रेत पुरता की जाळता? माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही चौकशी घालून दिली. हेतू रास्त होता. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा लाटल्या जात होत्या, हे कोण नाकारील? पण काशीमिऱ्याच्या पाड्यावर, महामार्गाच्या धुरळ्यात वाढलेल्या वारली मुलीला धवलेरीची लग्नगाणी येत नाहीत, म्हणून ती वारली नव्हे काय? बामणाच्या मुलाला संध्या येत नाही म्हणून त्याची जात कोणी तपासत नाही!

२०२३ साली त्याच न्यायालयाने सांगितले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. १९५० पूर्वीच्या कागदाला अधिक वजन आहे. ठीक. पण ज्याच्या आजोबाने शाळेची पायरीच चढली नाही, त्याने हा कागद आणायचा कोठून? तो पुन्हा चाचणीच्याच दारात उभा राहतो.

कॅनडाच्या वायव्येकडील गित्क्सान आणि वेत्सुवेतेन लोकांनी जमिनीच्या दाव्यात आपल्या पिढ्यांच्या मौखिक कथा पुराव्यादाखल ठेवल्या. खालच्या न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांना फारशी किंमत दिली नाही. १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मौखिक इतिहासालाही लेखी कागदाच्या बरोबरीने स्थान द्यावे लागेल.

आपल्याकडे वनहक्क कायद्याच्या नियमांत गॅझेटिअरबरोबर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही पुरावा धरले जाते. हे लिहून घेण्याचे काम पाड्यावरची शिकलेली पोरे करू शकतात. मात्र सांगणाऱ्याचे वय, पाडा, तारीख टिपावी आणि त्याची बोली सुधारू नये.