माकडं अजून कशी, बॉस?

उत्क्रांतीचा विषय निघाला की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक गुगली हमखास पडते. ‘माणूस माकडापासून झाला, मग माकडं अजून कशी?’ माझं उत्तर ठरलेलं. तुमचा जन्म झाला म्हणून तुमचे चुलतभाऊ गायब झाले का? आजची माकडं आपले पूर्वज नाहीत, चुलत भावंडं आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पणजोबा तेवढे कॉमन!

या चुलत घराण्याचा हिशेब मांडणाऱ्या लॉरी गॉडफ्री यांची मी जबरदस्त फॅन आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या या मानववंशशास्त्रज्ञ. प्रांत कोणता, तर मादागास्करचे नामशेष लेमूर. आजचा सर्वांत मोठा लेमूर, इंद्री, 10 किलोही भरत नाही. नामशेष आर्किओइंड्रिस मात्र चक्क गोरिलाएवढा!

पण बाई हाडं मोजत बसल्या नाहीत. 1981 मध्ये आर्कान्सॉ राज्यानं कायदा केला, की शाळेत उत्क्रांती शिकवायची तर देवानं सृष्टी घडवल्याचं ‘शास्त्र’ही तेवढंच शिकवा. 1982 मध्ये कोर्टानं तो उडवला. 1983 मध्ये गॉडफ्रींनी शास्त्रज्ञांना एकत्र करून या दाव्यांना उत्तर देणारं पुस्तक संपादित केलं.

टेक्सासच्या पॅलक्सी नदीत डायनासोरच्या शेजारी माणसाची पावलं उमटल्याचा गाजावाजा होता. गॉडफ्री आणि सहकाऱ्यांनी जागेवर जाऊन तपासणी केली. अभ्यासकांच्या हाती काय आलं? काही ठिकाणी नुसता झिजलेला खडक, काही डायनासोरचीच लांबट पावलं, बोटांच्या खुणा गाळानं बुजलेली. काही तर सरळ कोरलेली!

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय? थांबा. 2018 मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. 1,800 हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीला तो राहिला, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरताच. कॉमर्स, आर्ट्सवाल्यांचं काय?

घरात कुणी दहावीला असेल तर त्याचं पुस्तक जरा चाळा. धडा नसेल, तर रविवारची एक दुपार त्याला द्या. सुरुवात चुलतभावापासून करा, लगेच पटतं.