मधुमेह आणि शेतकरी : रोग्यानें स्वतः शिकावयाच्या गोष्टी

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या सुखवस्तु शहरवासीयांचा रोग, नांगर धरणाऱ्याच्या वाटेस तो जाणार नाहीं, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांत अद्यापि दृढ आहे. ती आतां खरी राहिलेली नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर झालेल्या पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशांत मधुमेही माणसें सुमारें १० कोटी १० लक्ष, म्हणजे प्रौढांत शेंकडा ११.४, आहेत असें दिसतें. शहरांत हें प्रमाण शेंकडा १६.४, तर खेड्यांत ८.९ आढळलें. खेड्यांचा आंकडा लहान म्हणून निश्चिंत होण्याचें मात्र कारण नाहीं; कारण ज्यांच्या रक्तांतील साखर वाढूं लागली आहे परंतु रोग पुरता जडलेला नाहीं, अशा उंबरठ्यावरील माणसांचें प्रमाण खेड्यांत व शहरांत जवळजवळ सारखेंच, शेंकडा १५ च्या वर, आहे. शहरांत जें पीक आज उभें आहे, त्याचें बीं खेड्यांत पेरलें गेलें आहे.

याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. मोटेच्या जागीं विजेचा पंप आला, औताच्या जागीं ट्रॅक्टर आला, मळ्याची पायवाट मोटारसायकलीनें आंखूड केली. शेतकऱ्याचे कष्ट संपले असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पूर्वी जे कष्ट वर्षभर विभागलेले असत, ते आतां पेरणी, खुरपणी व सुगी एवढ्या दिवसांत गोळा झाले आहेत. बाकीच्या महिन्यांत अंग पुष्कळसें स्वस्थ राहतें. इकडे ताटांतील ज्वारी-बाजरी मागें हटली, पांढरा तांदूळ व मैद्याचे जिन्नस पुढें आले, आणि पाहुणा येवो वा न येवो, दिवसांतून पांच-सहा वेळां गोड चहा हा नियमच झाला. श्रम कमी झाले व जेवण पूर्वीइतकेंच राहिलें, तर शिल्लक कोठें जमा होते? ती पोटावर जमा होते.

आपण अंगानें सडपातळ आहों, तेव्हां आपणांस भय नाहीं, असें म्हणणारांनीं पुढील हकीकत ध्यानांत घ्यावी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. या मुलांचें जन्मतः वजन सरासरीनें सुमारें २.७ किलो, म्हणजे इंग्लंडांतील मुलांपेक्षां पुष्कळच कमी, भरलें. परंतु कमी पडलें होतें तें मुख्यतः मांस, चरबी नव्हे. पुढें २००४ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनीं स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३ होता, परंतु अंगांतील चरबी युडकिन यांची शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांची २१.२ निघाली. सारांश, आपल्या लोकांत माणूस बाहेरून बारीक व आंतून स्थूल असूं शकतो. म्हणून वजनकांट्याइतकाच मोजपट्टीवर भरंवसा ठेवावा. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीच्या ८० सेंटिमीटरच्या वर गेला, कीं सावध झालें पाहिजे.

रोगाचें स्वरूप

आपण खाल्लेल्या धान्याची पोटांत साखर होते व ती रक्तांत उतरते. रक्तांतून ती स्नायूंत पोंचविण्याचें काम इन्शुलिन नांवाचा रस करितो व तो स्वादुपिंडांत तयार होतो. पाटांत पाणी आहे, परंतु वाफ्याचें दार उघडणारा कोणी नाहीं, म्हणजे पाणी पाटांतच तुंबतें व पीक वाळतें. तीच गत येथें होते. कांहीं रोग्यांत, विशेषतः लहान मुलांत व तरुणांत, हा रस जवळजवळ बंदच होतो. त्यांस इन्शुलिन टोंचून घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. बहुतेक प्रौढांत रस असतो, परंतु पोटाच्या व यकृताच्या चरबीमुळें तो पुरा पडत नाहीं. आहार व श्रम यांचा मोठा उपयोग होतो तो या दुसऱ्या प्रकारांत.

हा भेद आपल्या पूर्वजांसही दिसला होता. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाच्या कृश व स्थूल रोग्यांचा निरनिराळा विचार आहे, आणि निर्धन रोग्यानें दूरवर पायीं चालावें, जमीन नांगरावी वा विहीर खणावी असा उपाय सांगून कृश रोग्यास मात्र जपावें असेंही बजाविलें आहे.

रोग्याचें शिक्षण

टोरांटो येथें १९२१ सालीं इन्शुलिनचा शोध लागला व १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम माणसास टोंचलें गेलें. त्याच्याही अगोदर, १९१८ सालीं, बोस्टन येथील डॉ. जोस्लिन यांनीं मधुमेहावर एक मार्गदर्शिका छापली, ती वैद्यांसाठीं तशीच रोग्यांसाठींही होती. रोग्यास शिकविणें हा उपचाराचाच भाग होय, असें त्यांचें मत होतें. त्याचें मर्म एका साध्या हिशेबानें कळेल. वर्षाचे तास ८,७६०. रोगी वर्षांतून चार वेळां डॉक्टरांकडे गेला व प्रत्येक वेळीं पाव तास बसला, तर तो एक तास झाला. उरलेले ८,७५९ तास राखणदार तो स्वतःच. त्यास रोग समजला नसेल तर ती राखण कोण करणार?

राखणीचा उपयोग होतो हें आतां पुराव्यानें सिद्ध झालें आहे. चेन्नई येथें उंबरठ्यावरील ५३१ माणसांवर प्रयोग होऊन २००६ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें. ज्यांस कांहींच विशेष उपाय सांगितला नव्हता, त्यांपैकीं सुमारें तीन वर्षांत शेंकडा ५५ जणांस मधुमेह जडला. ज्यांस आहार व व्यायाम शिकवून पाठपुरावा केला, त्यांत हें प्रमाण सुमारें ३९ वर राहिलें. रोग जडल्यावरही उपाय व्यर्थ जात नाहीं. इंग्लंडांत ५,१०२ रोग्यांची वीस वर्षें पाहणी होऊन १९९८ सालीं असें दाखविण्यांत आलें, कीं साखर अधिक कसोशीनें आटोक्यांत ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडें इत्यादिकांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार शेंकडा २५ नीं कमी होतात.

शिक्षणाची सुरुवात आंकड्यांपासून करावी. उपाशीपोटीं रक्तांतील साखर १०० मिलिग्रॅमच्या आंत असावी. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ वा अधिक आल्यास मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी नांवाची तपासणी असते, तींत ५.७ च्या आंत ठीक व ६.५ पासून पुढें मधुमेह. रोगाचीं लक्षणें नसतांना एकाच तपासणीवर निर्णय न करितां ती पुन्हा करावी. रोग ठरल्यावर ही सरासरी ७ च्या आसपास राखणें बहुतेकांस हितकर. वृद्धांस डॉक्टर कांहीं सवलत देतात. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची तपासणी करण्याची सरकारी योजना असून ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत करून मिळते. तारीख, साखर, रक्तदाब, वजन व कमरेचा घेर हे पांच रकाने वहींत आंखावे. ज्या खात्याची नोंद नाहीं त्याची बाकी कळत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगणें न लगे.

ताटाचा हिशेब

ताटाचे मनानें चार भाग करावे. दोन भाग पालेभाजी, फळभाजी व कोशिंबीर यांचे. एक भाग डाळ, उसळ, अंडें किंवा मासळी यांचा. आणि उरलेला एकच भाग भाकरीचा वा भाताचा. आपल्याकडे नेमकें उलट असतें : तीन भाकरी आणि त्या ओल्या करण्यापुरतें कालवण. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्याच्या जिनसांपेक्षां निःसंशय बरी, परंतु ती बरी म्हणून पांच खाव्या असा त्याचा अर्थ नव्हे. मटकी, हुलगा, हरभरा, मेथी, चाकवत, शेवगा हे सर्व आपल्याच शेतांत व बांधावर येतें. पण भाजी बाजारास जाते आणि बाजारांतून बिस्किटांचा पुडा घरीं येतो, हा व्यवहार कोणत्याही बाजूनें किफायतीचा नाहीं.

गुळाविषयीं मोठा भ्रम आहे. गूळ घरच्या गुऱ्हाळाचा असला तरी रक्तांत गेल्यावर तो साखरच होय. उंसाचा रस व मधही त्याच पंक्तींतले. आंबा वर्ज्य नाहीं. एखादी फोड जेवणाच्या हिशेबांत धरून खावी, आमरसाच्या वाट्या मात्र टाळाव्या. उपवासाचा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून बटाटे व रताळीं त्यांत भर घालतात, त्यामुळें एकादशीस साखर उतरण्याऐवजीं चढते. जे इन्शुलिन किंवा गोळ्या घेतात, त्यांनीं निरंकार उपवास डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये.

रोग्याचें जेवण वेगळें शिजवूं नये. जें त्यास हितकर तेंच घरांतील सर्वांस हितकर आहे, आणि निराळें ताट फार दिवस टिकत नाहीं. चुलीपाशीं जिचें राज्य आहे त्या माउलीस या गोष्टी समजल्या नाहींत, तर वैद्याचा कागद फडताळांतच राहतो.

श्रम, औषध व हंगाम

नोकरदारास रोज सारखाच व्यायाम सांगतां येतो. शेतकऱ्याचें तसें नाहीं. सुगीच्या दिवसांत आठ-दहा तास अंग मोडून काम आणि पुढें महिना दोन महिने पारावर बैठक, असा त्याचा क्रम. म्हणून कामाचे दिवस सोडून बाकीच्या दिवसांत रोज निदान अर्धा तास झपाझप चालावें. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें शतपावली घालावी. मळ्यांत मोटारसायकलीवर न जातां पायीं गेलें तरी काम भागतें.

कष्टाच्या दिवसांचा धोका निराळा आहे. इन्शुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यानें जेवण चुकवून जड काम केलें, तर साखर एकाएकीं ७० च्या खालीं उतरते. हातपाय कांपतात, दरदरून घाम सुटतो, बोलणें असंबद्ध होतें. आणि पाहणारांस वाटतें, हा पिऊन आला आहे. रात्रीच्या विजेवर एकट्यानें पाणी धरणारास किंवा पंढरीच्या वाटेवर चालणारास हा प्रसंग विशेष येतो. खिशांत साखरेची वा ग्लुकोजची पुडी नेहमीं असावी. लक्षण दिसतांच तीन चहाचे चमचे साखर पाण्यांतून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरें न वाटल्यास पुन्हा घ्यावी, आणि नंतर कांहीं खावें. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं ओतूं नये, थेट दवाखान्यांत न्यावा. हंगाम सुरू होण्यापूर्वीं डॉक्टरांस कामाचें स्वरूप सांगून मात्रा ठरवून घेणें उत्तम.

मधुमेह मुळासकट उपटतों म्हणून जडीबुटी विकणारे गांवोगांव फिरतात. त्यांच्या सांगण्यावरून औषध सोडूं नये; ज्यांचें जीवन इन्शुलिनवर आहे, त्यांस तें सोडणें म्हणजे थोड्याच दिवसांत मरण. स्थूल रोग्यानें वजन पुष्कळ उतरविल्यास गोळ्यांवांचूनही साखर ठीक राहूं शकते, हें खरें. ब्रिटनमधील एका प्रयोगांत वजन उतरविणाऱ्यांपैकीं शेंकडा ४६ जणांस एका वर्षानंतर असें यश आल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु तो रोग निजलेला असतो, गेलेला नव्हे. आणि गोळ्या कमी करणें हें वैद्याच्या देखरेखीखालींच व्हावें.

पायांची निगा

शेतकऱ्यास या रोगाचें सर्वांत मोठें भय पायांकडून आहे. साखर फार दिवस वाढलेली राहिली म्हणजे ज्ञानतंतू मरतात व पायांची संवेदना जाते. रक्ताचा पुरवठाही मंदावतो. आमच्या पाहण्यांतील एका बागायतदाराच्या टाचेंत बाभळीचा कांटा मोडला. तो दुखला नाहीं, म्हणून त्यांनीं तो पाहिला नाहीं. चिखलांत पाणी धरणें चालूच राहिलें. जखमेस वास येऊं लागला तेव्हां घरच्यांनीं दवाखाना गांठला. पण तोंवर उशीर होऊन पाय घोट्याच्या वर काढावा लागला. जमिनीचा एक तुकडा गहाण पडला, तो निराळाच. दुखत नाहीं हें येथें बरें असल्याचें लक्षण नव्हे, धोक्याचें आहे.

उपाय मात्र बिनखर्चाचे आहेत. अनवाणी चालूं नये, घरांतही नाहीं. रोज रात्रीं पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडांत पाहावे. वांकतां येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवास पाहावयास सांगावें. जोडा घालण्यापूर्वीं झटकावा. पाय शेकूं नयेत व कढत पाण्यांत बुडवूं नयेत. कुरूप घरीं कापूं नये. जखम कितीही लहान असली तरी हळद-चुना लावून वाट न पाहतां त्याच दिवशीं दाखवावी. वर्षांतून एकदां पायांची संवेदना, डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंडें तपासून घ्यावीं.

आपल्या संस्थेस आमची एक सूचना आहे. माती-परीक्षणाचे दिवस जसे आपण ठरवून देतों, तसा वर्षांतून दोनदां सभासदांच्या व त्यांच्या घरच्या स्त्रियांच्या तपासणीचा दिवस ठरवावा, आणि आरोग्य केंद्रांतील परिचारिकेस बोलावून पाय कसे पाहावे व वही कशी ठेवावी हें प्रत्यक्ष दाखवावें. मातीचा कस कळल्यावांचून खत घालूं नये, हें आपण जाणतों. ती माती कसणाऱ्या देहाचा कस तरी आपण अंदाजावर कां सोडावा?