आत्तींच्या वहीतले दोन आकडे

आमच्या आत्तींचं, म्हणजे सासूबाईंचं, बीपी आम्ही घरी दोनदा मोजतो. एकदा बसवून, एकदा उभं करून. वय ऐंशीच्या पुढं, जोडीला साखर आणि मूत्रपिंडाचा विकार. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडण्याची भीती. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणालाच खिळतो.

मग बीपीची गोळी बंदच करावी? मुळीच नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हायवेट' अभ्यासात ऐंशी ओलांडलेल्यांनाही उपचारांचा फायदा दिसला, मृत्यू कमी झाले. तिथं लक्ष्य होतं १५०/८०. पण ती माणसं बरीच धडधाकट होती. आत्तींसारख्यांचा आकडा डॉक्टरांनी माणूस बघूनच ठरवावा.

मला खरी धास्ती गुडघेदुखीच्या गोळ्यांची. शेजारीण सांगते, दुकानदार देतो. त्यातल्या बऱ्याच बीपी वाढवतात, मूत्रपिंडालाही इजा करतात. त्यात लघवीची गोळी चालू, वर आमच्या म्हसवडचा उन्हाळा. जुलाब लागले तर अंगातलं पाणी पार आटतं. अशा वेळी डोसबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. कमी सोडियमचं मीठही परस्पर आणू नये: त्यातलं पोटॅशियम आजारी मूत्रपिंडाला नीट बाहेर टाकता येत नाही.

आमचा सातारा जिल्हा उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीपासून आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, गुडघ्याच्यासुद्धा.