नियंत्रण व्हॉल्व्हचे आकारमान व निवड : एक विवेचन

सारांश

औद्योगिक प्रक्रियेतील नियंत्रण व्हॉल्व्ह बहुधा नळाच्या व्यासावरून निवडला जातो. त्यामुळे तो गरजेपेक्षा मोठा येतो आणि नियंत्रण बिघडते. प्रवाह, दाबघट व बाष्पदाब या तीन राशींच्या आधारे योग्य निवड कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका उदाहरणाद्वारे केले आहे.

प्रस्तावना

साखर, रसायन, औषधनिर्मिती किंवा वीजनिर्मिती अशा कोणत्याही उद्योगात तापमान, दाब, पातळी व प्रवाह यांचे नियमन अखेरीस नियंत्रण व्हॉल्व्हच करतो. मापनयंत्र कितीही अचूक असले, तरी व्हॉल्व्ह चुकीचा असल्यास त्या अचूकतेचा उपयोग होत नाही. प्रक्रियेची आखणी करणारा अभियंता प्रवाहात थोडी वाढ धरतो, पंप निवडणारा आणखी थोडी धरतो आणि व्हॉल्व्ह मागविणारा ‘मोठा असलेला बरा’ म्हणून पुढचे माप घेतो. नियंत्रण व्हॉल्व्हच्या बाबतीत ही सावधगिरीच दोषाचे कारण ठरते.

प्रवाहगुणांक

व्हॉल्व्हची क्षमता प्रवाहगुणांकाने व्यक्त होते. व्हॉल्व्हवर १ बार दाबघट असताना त्यातून तासाला जितके घनमीटर पाणी वाहते, तो आकडा म्हणजे ‘केव्ही’. अमेरिकी एककांतील ‘सीव्ही’ हा केव्हीच्या १.१५६ पट असतो. उत्पादकांच्या याद्या वाचताना या दोहोंत गल्लत होऊ नये. द्रवांसाठी मूळ सूत्र असे आहे :

केव्ही = प्रवाह × √(सापेक्ष घनता ÷ दाबघट)

गणिताची सविस्तर पद्धती आयईसी ६०५३४ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे.

उदाहरण

समजा, १०० मिमी व्यासाच्या नळातून ९० अंश सेल्सिअसचे पाणी वाहते व त्याची सापेक्ष घनता ०.९६५ आहे. कमाल प्रवाह तासाला ४० घनमीटर असून तेव्हा व्हॉल्व्हपूर्वीचा निरपेक्ष दाब ५ बार व नंतरचा २.५ बार आहे. आवश्यक केव्ही सुमारे २५ येतो. किमान प्रवाह तासाला १० घनमीटर आहे. प्रवाह कमी झाला की नळातील घर्षण घटते, पंपाचा दाब वाढतो आणि उरलेला सर्व भार व्हॉल्व्हवर येतो. तेव्हा दाब ५.५ बारवरून १.९ बारवर उतरतो असे मानल्यास केव्ही सुमारे ५.२ येतो.

आता दोन पर्याय पाहू. नळाच्याच व्यासाच्या १०० मिमी ग्लोब व्हॉल्व्हचा केव्ही १६० व ५० मिमी व्हॉल्व्हचा ४० आहे, असे धरू. दोन्हींचे ट्रिम समप्रतिशत गुणधर्माचे व त्यांचे नियंत्रणक्षेत्र ५०:१ असेल, तर ५० मिमी व्हॉल्व्ह सुमारे ४८ ते ८८ टक्के उघडीपीत काम करतो. १०० मिमी व्हॉल्व्ह मात्र १२ ते ५२ टक्क्यांतच राहतो. ट्रिम रेषीय असल्यास मोठा व्हॉल्व्ह केवळ ३ ते १६ टक्के उघडतो. अशा स्थितीत प्लग सीटलगत हेलकावे खातो, प्रवाह अस्थिर होतो आणि अरुंद फटीतून वेगाने जाणाऱ्या द्रवामुळे सीट झिजते. म्हणून नळाहून लहान व्हॉल्व्ह रिड्यूसर लावून बसविणे येथे योग्य ठरते. रिड्यूसरमुळे क्षमता काही टक्क्यांनी घटते, तेवढी गणितात धरावी.

कॅव्हिटेशनची मर्यादा

व्हॉल्व्हमधील सर्वांत अरुंद जागी वेग वाढून दाब खाली जातो. तो बाष्पदाबाखाली गेल्यास द्रवात बुडबुडे निर्माण होतात. पुढे दाब सावरताच ते फुटतात व धातूचे कण उडवितात. हेच कॅव्हिटेशन होय. बाहेरचा दाबही बाष्पदाबाखाली राहिला, तर बुडबुडे टिकून राहतात व त्यास फ्लॅशिंग म्हणतात. एका मर्यादेपुढे दाबघट वाढवूनही प्रवाह वाढत नाही.

९० अंशांवर पाण्याचा बाष्पदाब सुमारे ०.७ बार असतो. दाबपुनर्प्राप्ती गुणांक ०.९ असलेल्या ग्लोब व्हॉल्व्हसाठी कमाल प्रवाहाच्या वेळी ही मर्यादा सुमारे ३.५ बार येते. हा गुणांक ०.६ असलेल्या बटरफ्लाय व्हॉल्व्हसाठी ती केवळ १.५६ बार येते. प्रत्यक्ष दाबघट २.५ बार असल्याने स्वस्त व सुटसुटीत बटरफ्लाय व्हॉल्व्ह येथे बाद होतो. ग्लोब व्हॉल्व्हही निश्चिंत नाही. किमान प्रवाहाच्या वेळी त्याची मर्यादा सुमारे ३.९ बार आणि दाबघट ३.६ बार आहे. मर्यादा गाठण्यापूर्वीच आवाज व झीज सुरू होत असल्याने कठीण मिश्रधातूचे किंवा टप्प्याटप्प्याने दाब उतरविणारे ट्रिम घ्यावे लागते. केवळ कमाल प्रवाहाचे गणित केले असते, तर हा धोका दिसलाच नसता.

निवडीचे इतर निकष

हवा किंवा वीज खंडित झाल्यावर व्हॉल्व्हने कोणती स्थिती घ्यावी, हे प्रक्रियेच्या सुरक्षिततेवरून ठरते. तापविणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह सामान्यतः बंद व्हावा, तर थंड पाण्याचा उघडावा. बंद स्थितीतील अनुज्ञेय गळती, सर्वाधिक दाबफरकास पुरून उरणारा ॲक्चुएटर आणि द्रवास अनुरूप धातू व पॅकिंग यांचाही विचार आवश्यक आहे.

समारोप

नळाचा व्यास हा व्हॉल्व्हच्या निवडीचा प्रारंभबिंदू नव्हे. कमाल, सामान्य व किमान अशा तिन्ही स्थितींतील प्रवाह व दाब मागणीपत्रात नोंदविणे ही पहिली अट आहे. ही माहिती अपुरी असेल, तर उत्तम उत्पादकही योग्य व्हॉल्व्ह देऊ शकत नाही. आणि अशा निवडीची किंमत पुढे अस्थिर उत्पादन व वारंवार दुरुस्ती या रूपाने कारखान्यास मोजावी लागते.