विश्लेषण : गुगलवर ‘पहिला क्रमांक’ विकत मिळतो का? छोट्या व्यावसायिकांनी काय करावे?

हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा. या काळात मुंबई-पुण्यातला ग्राहक मोबाइलवर ‘देवगड हापूस पेटी’ असे शोधतो आणि वर दिसलेल्या दोन-तीन विक्रेत्यांपैकी एखाद्याला फोन लावतो. वर दिसणाऱ्या बागायतदाराला घरपोच, स्वतःच्या दराने विक्री करता येते. न दिसणाऱ्याला बाजार समितीतल्या दरावर अवलंबून राहावे लागते. ही निकड हेरून ‘गुगलवर पहिला क्रमांक, हमखास’ अशी पॅकेजेस विकणारेही वाढले आहेत. आंबा बागायतदारांपासून होमस्टेचालक, पैठणी विक्रेते आणि घरगुती मसाले करणाऱ्या महिलांपर्यंत अनेकांना असे फोन येतात. या हमीत तथ्य किती?

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणजे काय?

आपले संकेतस्थळ किंवा ब्लॉग शोध इंजिनाला नीट वाचता यावा आणि योग्य ग्राहकाला दिसावा, यासाठी केलेल्या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन (एसईओ) म्हणतात. गुगलचे काम तीन टप्प्यांत चालते. आधी त्याचे स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटवरील पाने शोधून वाचतात, मग त्यांची सूची तयार होते आणि शेवटी कुणी काही शोधले की त्या सूचीतून उत्तरे निवडून क्रमाने मांडली जातात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगलची स्थापना केली, तेव्हा एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारचे मत, ही त्यामागची मुख्य कल्पना होती. आज लिंकच्या जोडीला मजकुराचा दर्जा, शोधणाऱ्याचे ठिकाण, भाषा, मोबाइलवर पान किती सहज उघडते असे अनेक निकष असतात. ‘प्रायोजित’ असे लिहिलेले निकाल मात्र जाहिराती असतात. त्यासाठी पैसे मोजल्याने खालच्या नैसर्गिक निकालांतील क्रम बदलत नाही.

पहिल्या क्रमांकाची हमी देता येते का?

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. क्रम वर नेण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. शिवाय ‘पहिला क्रमांक’ सर्वांसाठी एकच नसतो. दादरमध्ये आणि कोथरूडमध्ये तोच शब्द शोधला तरी निकाल वेगळे दिसू शकतात. हमी देणारे अनेकदा एक साधी युक्ती वापरतात. बागेच्या किंवा दुकानाच्या पूर्ण नावाने शोधून ‘बघा, पहिले आलात’ असे दाखवतात. त्या नावाचा दुसरा व्यवसायच नसेल तर ते आपोआपच वर येते. ज्या ग्राहकाला नाव ठाऊक नाही, तो काय शोधतो हा खरा प्रश्न आहे. म्हणून ‘नेमक्या कोणत्या शब्दांसाठी?’ हे आधी विचारायला हवे.

आडमार्गाने वर गेल्यास काय होते?

काही काळ फायदा होतो, पण तो टिकेलच असे नाही. निकृष्ट मजकुराला आळा घालण्यासाठी गुगलने २०११ मध्ये ‘पांडा’ आणि विकतच्या लिंकसारख्या क्लृप्त्यांविरुद्ध २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हे बदल केले. अमेरिकेतील जे. सी. पेनी या बड्या दुकानसाखळीचे उदाहरण बोलके आहे. विकतच्या लिंकच्या जाळ्यामुळे ती अनेक वस्तूंच्या शोधात अव्वल दिसत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे उघड केले आणि गुगलच्या कारवाईनंतर ती निकालांत खूप मागे फेकली गेली. मार्च २०२४ मध्ये गुगलने नियम आणखी कडक केले. केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मग तो एआयने लिहिलेला असो वा माणसाने, आता नियमभंग ठरतो. बड्या कंपनीला असा फटका सोसता येतो. ज्याचा धंदा तीन महिन्यांचा आहे, त्याचे अख्खे वर्ष हातचे जाऊ शकते.

मग लिहायचे काय?

ग्राहक फोनवर जे विचारतात, तेच. देवगड आणि रत्नागिरी हापूसमध्ये फरक काय? घरी आढी कशी लावायची? फळ कापल्यावर साका निघाला तर भरपाई मिळते का? पेटीत किती डझन, फळाचे वजन किती, पार्सल किती दिवसांत पोहोचते? अशा प्रत्येक प्रश्नावर स्वतःच्या अनुभवातून लिहिलेले एकेक पान आणि सोबत स्वतःच्या बागेतले फोटो, हा मजकूर कोणतीही एजन्सी परस्पर लिहू शकत नाही. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी झालेल्यांनी तो तपशील पानावर ठळक द्यावा. दुसऱ्या भागातला आंबा हापूस म्हणून विकला जात असताना ग्राहक हीच खात्री शोधत असतो.

मराठीत लिहिताना कोणती काळजी घ्यावी?

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण शोध इंजिनाला तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. दरपत्रक आणि पत्ता केवळ बॅनरच्या चित्रात टाकणे हीसुद्धा नेहमीची चूक. तीच माहिती अक्षरांतही लिहावी. प्रत्येक पानाला स्वतंत्र आणि स्पष्ट शीर्षक असावे. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याचा उपयोग नाही. पानाच्या कोडमध्ये लपवलेली ‘कीवर्ड’ची यादी तर गुगल क्रमवारीसाठी वापरतच नाही, हे कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले होते.

नकाशावरील नोंद का महत्त्वाची?

होमस्टे, खानावळ किंवा दुकान यांच्यासाठी ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ ही नोंद अनेकदा संकेतस्थळापेक्षाही उपयोगी पडते आणि ती विनामूल्य आहे. स्थानिक निकाल प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतात : शोधाशी व्यवसाय किती जुळतो, तो किती जवळ आहे आणि किती परिचित आहे. त्यामुळे व्यवसायाचा योग्य प्रकार, वेळा, चालू फोन क्रमांक आणि ताजे फोटो असायला हवेत. ग्राहकांना अभिप्राय लिहायची विनंती करणे योग्य. मात्र पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय मिळवणे नियमाविरुद्ध आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणले आहे.

एजन्सीला काम देताना काय पाहावे?

सर्वांत आधी मालकी. डोमेनचे नाव, होस्टिंग, बिझनेस प्रोफाइल आणि ‘सर्च कन्सोल’ हे सारे व्यावसायिकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावे आणि एजन्सीला केवळ काम करण्यापुरती परवानगी द्यावी. अन्यथा व्यवहार फिसकटला की फोन क्रमांकापासून संकेतस्थळापर्यंत सगळे दुसऱ्याच्या ताब्यात राहते. सर्च कन्सोल हे गुगलचे मोफत साधन आहे. लोक कोणते शब्द शोधून आले, किती जणांनी क्लिक केले, काही कारवाई झाली आहे का, हे त्यात दिसते. एजन्सीचा अहवाल त्याच्याशी ताडून पाहता येतो. दरमहा ‘पाचशे लिंक’ देऊ म्हणणाऱ्यापासून दूर राहिलेलेच बरे.

परिणाम किती दिवसांत दिसतो?

सुधारणा करून त्यांचा लाभ दिसायला बहुतेकदा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गुगलचे म्हणणे आहे. म्हणजे मार्चमध्ये पेटी विकायची तर लिखाणाला आदल्या पावसाळ्यातच सुरुवात हवी. फेब्रुवारीत जागे होणाऱ्याला त्या हंगामापुरता जाहिरातीचाच मार्ग उरतो.

एआयमुळे हे सारे निरुपयोगी ठरेल?

गुगलने २०२४ मध्ये ‘एआय ओव्हरव्ह्यू’ भारतातही आणले. प्रश्नाचे उत्तर निकालांच्या वरच मिळाल्याने माहितीपर पानांवर क्लिक करण्याची गरज कमी होते. केवळ ‘आंब्याचे फायदे’ छापाचा मजकूर लिहिणाऱ्यांना याची झळ अधिक बसू शकते. मात्र पेटी मागवायला, खोली आरक्षित करायला किंवा साडी निवडायला ग्राहकाला शेवटी विक्रेत्यापर्यंत यावेच लागते. यंदाचा दर, उपलब्ध माल आणि फळ खराब निघाल्यास जबाबदारी कुणाची, हे विक्रेताच सांगू शकतो. आणि एकदा समाधानी झालेला ग्राहक पुढच्या वर्षी गुगलवर न शोधता थेट फोन करतो. त्यामुळे त्याचा क्रमांक जपून ठेवणे हादेखील या कामाचाच भाग आहे.