छोट्या हत्तीचा प्लग

‘ट्रकला कसला प्लग?’ असं जुना मेकॅनिक हसून विचारायचा, आणि त्याचं बरोबरच होतं. डिझेल इंजिनात नुसती हवा इतकी दाबतात, की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. काही डिझेल इंजिनांत हीटर प्लग असतो. तो थंडीत सिलिंडर तापवतो, ठिणगी पाडत नाही.

२००५ साली आलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, हाही डिझेलवरचाच. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, लहान डिझेल इंजिनाचा धूर स्वच्छ करणं महाग पडू लागलं आणि छोट्या मालवाहू गाड्यांत पेट्रोल-सीएनजीला भाव आला. पेट्रोलवरच्या छोट्या हत्तीला दोन सिलिंडर, सुपर कॅरी या दुसऱ्या छोट्या ट्रकला चार. जितके सिलिंडर तितके प्लग.

दापोलीजवळच्या हर्णै बंदरातून मासळी भरून गाडी आसूदच्या चढाला लागली आणि झटके मारू लागली, की ड्रायव्हर म्हणतो, ‘मिसिंग करतेय.’ दोनांतला एक सिलिंडर रुसला तर निम्मी ताकदच गेली. पेट्रोलवर बरी चालणारी गाडी गॅसवर टाकताच अडखळत असेल, तर संशय आधी प्लगवर घ्यावा. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग तिथे लवकर उघडा पडतो.

बदलायचं काम तसं अर्ध्या-पाऊण तासाचं. प्लग कंपनीच्या पुस्तिकेतल्या नंबरचाच आणावा. दिसायला सारखा म्हणून भलताच बसवू नये. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम हेडातून प्लग ओढला की आटे सोबत येतात. गॅसचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, मग इंजिनावरची सीट उचलायची. एका वेळी प्लगवरची एकच कॉइल काढावी.

आणि इथे दापोलीकरानं जरा थांबावं. आपली माती जांभ्याची. तिची तांबडी धूळ प्लगच्या खोबणीत थराथरानं बसते. धूळ न काढता प्लग सोडवला, तर ती थेट सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनसोबत वरखाली घासत राहते. सायकलचा पंप घ्या, नळी खोबणीत घाला, दहा-बारा झटके मारा. डोळे मात्र मिटून! पावसाळ्यात धुळीची जागा पाणी घेतं. सर्व्हिसिंगला प्रेशरनं सीटखाली पाणी मारलं असेल, तर खोबणीत डबकं साचलेलं आणि प्लगचा षटकोन गंजलेला मिळतो.

बाहेर आलेला प्लग लगेच फेकू नका. टोक फिकट बदामी असेल तर सगळं ठीक. गॅसवरचा आणखी फिका दिसतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवेचा फिल्टर तुंबलाय. काळं तेलकट टोक ही मात्र वाईट बातमी: रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील गेलंय, ऑइल जळतंय. तिथे नवा प्लगही थोड्याच दिवसांत तसाच होणार.

नव्या प्लगचा गॅप फिलर गेजनं तपासावा. साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, नेमका आकडा पुस्तिकेत. इरिडियमचा असेल तर टोकाला हात लावू नये. हातातून फरशीवर पडलेला प्लग तर बसवूच नये. चिनी मातीला गेलेली चीर दिसत नाही, गाडी मात्र मिसिंग करते.

बसवताना पाना शेवटी. कॉलेजात असताना घाईत पान्यानंच सुरुवात करून मी स्कूटरच्या हेडाचे आटे मारले होते. वडिलांनी ते कित्येक वर्षं ऐकवलं. तेव्हापासून पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा जवळ ठेवतो. तो प्लगच्या शेपटीवर चढवून बोटांनी फिरवायचा. आटा तिरका लागला तर नळीच प्लगवर घसरते, हेड वाचतं. बोटांनी फिरेनासा झाला की पाना लावून वायसरवाल्या नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला त्याहून खूपच कमी.

कॉइल टक्कन बसली की बॅटरी जोडा आणि गाडी आधी पेट्रोलवर चालू करा. आवाज एकसारखा लागला तर व्हॉल्व्ह उघडून, गॅसवर टाकून, रिकामीच, आसूदपर्यंत उतरून या आणि चढ चढताना कान देऊन ऐका.