पडद्याचा उजेड आपल्या हाती

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की दुपारी घरोघरी खिडक्या-दारे ओढून घेतली जातात. बाहेर रणरणते ऊन आणि आत अंधारलेली, जरा गार खोली. अशा खोलीत लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर सुरू असेल, तर कोणी डोळ्यांसमोर दिवा धरून ठेवावा तसे होते. एरवी हा त्रास एका कळीने दूर होतो. परंतु जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविल्यानंतर कधी कधी नेमकी हीच कळ दाद देत नाही.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अन्यथा धडधाकट असलेले लॅपटॉप टाकून देण्याऐवजी त्यांवर उबुंटू, मिंट यांसारखे विनामूल्य लिनक्स बसविणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र ब्राइटनेसची कळ चालत नाही म्हणून ‘पडदा बिघडला’ असा निष्कर्ष काढू नये. पुष्कळदा दोष यंत्रात नसून मांडणीत असतो.

डोळ्यांचे गणित

पडद्याच्या उजेडाने डोळे कायमचे निकामी होतात, असे नाही. थकतात मात्र नक्की. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत, त्यातही पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल, तर ही कोरड अधिक जाणवते. त्यात पडदा आणि भोवतालचा उजेड यांत मोठी तफावत असली की डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते. रात्री उशिरापर्यंत प्रखर उजेड डोळ्यांवर पडल्यास झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते आणि झोप लांबते. परीक्षेच्या दिवसांत रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यावे.

पडदा किती उजळ असावा, हे ठरविण्यासाठी एक कोरा पांढरा कागद त्याच्या शेजारी धरावा. पडद्यावरचा पांढरा रंग कागदापेक्षा झगझगीत दिसला तर ब्राइटनेस कमी करावा, मळकट दिसला तर वाढवावा.

साखळी कोठे तुटली?

कळ दाबल्यापासून उजेड बदलेपर्यंत एक साखळी काम करते. कळीचा संकेत लिनक्सपर्यंत पोहोचतो, लिनक्स तो पडद्यामागील दिव्याच्या नियंत्रकाला देते आणि नियंत्रक उजेड बदलतो. म्हणून पहिली परीक्षा सोपी आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील सूचीत किंवा सेटिंग्जमध्ये ब्राइटनेसची सरकपट्टी असते. ती माउसने सरकवून पाहावी.

पट्टीने उजेड बदलत असेल, तर दिवा आणि नियंत्रक ठीक आहेत आणि दोष कळीच्या बाजूला आहे. प्रथम ‘एफएन’ कळीसह ब्राइटनेसची कळ दाबून पाहावी. कित्येक लॅपटॉपांत ‘एफएन’ आणि ‘एस्केप’ एकत्र दाबल्याने या कळांचा क्रम उलटतो. ती सोय बायोसमध्येही असू शकते. तरीही उपयोग न झाल्यास कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ब्राइटनेस कमी-अधिक करण्यासाठी दुसऱ्याच कळांची जोडी नेमून द्यावी. ‘ब्राइटनेस-सीटीएल’ नावाचे छोटे साधन त्यासाठी उपयोगी पडते.

पट्टीही निरुपयोगी असेल किंवा मुळात दिसतच नसेल, तर दोष नियंत्रकाच्या बाजूला आहे. लिनक्स बसविताना ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडला होता का, ते आठवावे. त्या पर्यायामुळे ‘नोमोडसेट’ हा शब्द सुरुवातीच्या आज्ञेत राहून जातो आणि ग्राफिक्सचा खरा चालक सुरूच होत नाही. तो शब्द काढला की बरेचदा ब्राइटनेसही मार्गी लागतो. एनव्हिडियाचे ग्राफिक्स असल्यास त्याचा योग्य चालक बसविला आहे ना, हेही पाहावे.

याउपर ‘एसीपीआय बॅकलाइट’ हा उपाय आहे. लॅपटॉप सुरू होताना ‘शिफ्ट’ किंवा ‘एस्केप’ दाबल्यास ग्रबची यादी येते. तेथे ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून रोमन लहान अक्षरांत ‘एसीपीआय’, अंडरस्कोर, ‘बॅकलाइट’, बरोबरचे चिन्ह आणि ‘नेटिव्ह’ असे सलग टंकावे आणि ‘कंट्रोल’सह ‘एक्स’ दाबावे. गुण न आल्यास पुढच्या वेळी ‘नेटिव्ह’ऐवजी ‘व्हेंडर’ किंवा ‘व्हिडिओ’ लिहावे. येथे केलेला बदल त्या एका वेळेपुरताच असतो. पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत होते, म्हणून धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ज्या शब्दाने काम होईल, तोच मग ग्रबच्या मांडणीत कायमचा लिहून घ्यावा. हे काम घरातील किंवा ओळखीतील जाणकाराच्या मदतीने करावे आणि त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी.

लॅपटॉपला वेगळा मोठा मॉनिटर जोडला असेल, तर लॅपटॉपच्या कळा सहसा त्याला लागू होत नाहीत. त्याचा उजेड त्याच्याच बटणांनी कमी करावा.

तोवर काय करावे?

दुरुस्ती होईपर्यंत डोळ्यांना तिष्ठत ठेवू नये. ‘नाइट लाइट’ रंग पिवळसर करते, परंतु ब्राइटनेसची जागा ती घेऊ शकत नाही. ‘डार्क मोड’ सुरू करावा, अक्षरे मोठी करावीत आणि खोलीतला दिवा लावून पडदा व भिंत यांतील तफावत कमी करावी. पडदा हातभर अंतरावर आणि नजरेच्या किंचित खाली असावा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात.

एवढे करूनही डोळे लाल होणे, दुखणे, दोन-दोन प्रतिमा दिसणे किंवा सतत डोकेदुखी असा त्रास राहिला, तर ब्राइटनेसला बोल न लावता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दृष्टी अचानक अंधूक झाल्यास तर त्याच दिवशी जावे. चष्म्याचा नंबर बदलला असेल, तर कोणतीही कळ त्यावर उपाय ठरणार नाही. यंत्राची तपासणी घरी करता येते. डोळ्यांची तपासणी मात्र तज्ज्ञांकडूनच व्हावी.